तळटीप

तिला आधी मी वीज कंपनीचीच समजलो होतो.
हातात वही, आणि वर बघत चालायची खोड.
नदीपलीकडच्या त्या वस्तीत वर बघत चालणारे दोनच:
मी, आणि ज्याची कबुतरं परतली नाहीत तो.

मीटर तिथे सात मीटर उंच, खांबावर टांगलेले.
का, तर खाली असले की लोक हात घालतात.
प्लोव्हदिवच्या अलीकडच्या काठावर तेच मीटर
जिन्यात, दाराशी, चपलांच्या कपाटावर,
टाचा उंचावून पोरानंही वाचावेत असे.
मला यात वावगं काही दिसलं नव्हतं.
अकरा वर्षं शिडी लावली, आकडा लिहिला, उतरलो.

"त्सांको, मला चढायचंय," ती म्हणाली.
रादोस्तिना देल्चेवा, वय सव्वीस.
धापा टाकत चढली
आणि मीटरकडे बघितलंच नाही.
बघत राहिली खाली.
शुक्रिये अंगणात मिरच्या भाजत होती, तिनं हाक दिली:
"बाई, माझं किती झालंय सांग ना!
मला कळतच नाही माझं किती झालंय."

त्या वाक्यावर तिचा प्रबंध उभा राहिला म्हणतात.
मी म्हणतो, शिडीवर.

पुढे ती सोफियाला गेली, तिथून आणखी लांब.
हॉलंडात एका सभेत कुणी विचारलं,
खांबालाही राजकारण असतं का?
तिनं आमच्या रीतीनं, हो म्हणून, मान आडवी हलवली.
त्यांनी नाही असं टिपून घेतलं.
दोन वर्षं त्या नकारावर लेख येत होते.
हे ती स्वतःच सांगायची, हसून, आणि मग न हसता.

पुस्तकात आकडे फार.
काही लोकांनी तारेवर टाकलेले,
बाकीचे तिनं तक्त्यात.
एकानं घर उजळतं, दुसऱ्यानं नाव.
पान दोनशे सहा, तळटीप एकेचाळीस:
शिडी धरल्याबद्दल त्सांको यांचे आभार.
आडनाव नाही.
बायकोनं ते पान कापून फ्रिजवर लावलं होतं,
भोपळ्याच्या पाककृतीशेजारी.

मग समित्या. मग टीव्हीवर, मंत्र्याच्या डाव्या हाताला.
मीटर खाली आणा, ती म्हणत राहिली,
केस पांढरे होईपर्यंत म्हणत राहिली,
आणि मीटर खाली आले.
नवे. स्वतःला स्वतःच वाचणारे.
वीज तोडायला आता खांबापाशी कुणी जात नाही,
सोफियात कुणीतरी बोट टेकवतं.
आणि मला कंपनीनं घड्याळ दिलं.

गेल्या सप्टेंबरात ती आली, रेकॉर्डर घेऊन.
"काम गेलं तेव्हा काय वाटलं?"
म्हणजे आता वहीत मी.
मी कुत्र्यांबद्दल बोललो.
त्या वस्तीतल्या एकोणीस कुत्र्यांची नावं मला पाठ होती,
ती कुठल्या रकान्यात जातील तिला समजेना.

शुक्रियेकडे गेलो दोघं.
दाराशी मीटर, हिरवे अंक, स्वच्छ.
म्हातारी म्हणाली, "आता किती ते कळतं गं.
इतकं का, ते सांग."
रादोस्तिना बसली. कॉफी गार झाली.
तीस वर्षांची पुस्तकं पाठीशी असलेली बाई,
आणि बोलेना.

संध्याकाळी माझ्या अंगणात तिनं विचारलं, ती शिडी?
होती. द्राक्षाच्या मांडवाला टेकलेली.
तिचे गुडघे गेलेले, म्हणून मी चढलो घड काढायला,
आणि ती म्हणाली, मी धरते.

धरता येत नव्हतं तिला.
दोन्ही हातांनी मधली पायरी आवळून उभी,
जशी बसमध्ये दांडी धरतात.
"अगं, तळाला पाय लाव," मी वरून ओरडलो,
"शिडी हातानं नाही, पायानं धरायची असते.
आणि वर बघायचं नाही, डोळ्यांत माती पडते."

"थांब, थांब," ती म्हणाली,
आणि हे टिपून घ्यायला
तिनं एक हात सोडला.